वॉकीटॉकीवर ठेवलेला डबा

माझा आवाज माझ्या पाठीमागून आला. मी औषधांच्या दुकानात काउंटरला टेकून फोनवर बोलत होते आणि नुकतंच तोंडातून गेलेलं माझं वाक्य, अर्ध्या श्वासाने उशिरा, जरा खरखरत, मागे कुणाच्या तरी कमरेवरून पुन्हा ऐकू आलं: "आई, ते म्हणतायत ह्या गोळ्या नव्या विम्यात बसत नाहीत." मी वळून पाहिलं. आईच्या साइटवरचे सिग्नलवाले काका रांगेत उभे होते, हातात गुडघ्याला लावायचं मलम, नजर थेट छताकडे, जणू तिथली ट्यूबलाइट बदलायचं काम त्यांच्यावरच पडलं होतं. त्यांच्या पट्ट्याला अडकवलेल्या वॉकीटॉकीचा लाल दिवा चालू होता. आणि मग माझ्या कानात आणि त्यांच्या कमरेवर एकाच वेळी आई बोलायला लागली. "बसत नाहीत म्हणजे काय? गेल्या महिन्यापर्यंत बसत होत्या, ह्या महिन्यात जाड झाल्या का?" दुकानदार मला म्हणाले, "सांग त्यांना, कंपनीने विमा बदललाय. मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आहेत ह्या, आजाराचं औषध नाही, म्हणून नव्या विम्याने वगळल्यात." मी ते जसंच्या तसं सांगितलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे, वर्गात मला भोंगा म्हणतात. मागून भोंगा पुन्हा वाजला. आई म्हणाली, "मूल होऊ नये म्हणूनच घेते की. आणि रक्त जातं म्हणूनही घेते. गोळीला काय माहीत मी तिला कशासाठी गिळते? विचार त्यांना, इथे वर केबिनमध्ये बाळ कुठे ठेवू, लिव्हरवर? आणि मागच्या वर्षी भर कामात माझे कपडे भरले, कमरेला जॅकेट बांधून सगळ्या शिड्या उतरले, ते काय हौस म्हणून?" फोन स्पीकरवर टाकून ती जेवत होती, तोंडात घास होता तिच्या, तो चावल्याचाही आवाज येत होता, काकांच्या कमरेवरून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "आई, डबा कुठे ठेवलायस?" "समोर. का?" "समोर कशावर?" दोन्हीकडे घास चावायचा आवाज थांबला. मग एक कट् असा आवाज, आणि काकांच्या पट्ट्यावरचा लाल दिवा विझला. काका ट्यूबलाइटकडेच बघत होते.

आई टॉवर क्रेन चालवते. शहरात नवी इमारत उभी राहताना तिच्या डोक्यावर जो उंच खांब आणि त्याला आडवा लांबलचक हात दिसतो ना, त्या हाताच्या मुळाशी एक काचेची पेटी असते, त्यात बसलेली बाई म्हणजे माझी आई. साइटवर तिला वरच्या ताई म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया सकाळी शिडी चढून आभाळात जातात आणि संध्याकाळी भूक लागली की खाली येतात. तिला खालचं काही धड दिसत नाही, इमारतीच्या आतलं तर मुळीच नाही, म्हणून सिग्नलवाले काका खाली उभे राहून तिला हाताच्या खुणा देतात, आणि जिथे हातही दिसत नाहीत तिथे वॉकीटॉकीवर बोलतात. त्या खुणा मला अक्षरांच्या आधी आल्या. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. तीच खाली करून फिरवली की सोड. बाजारातल्या गर्दीत आई मला त्या टोकावरून खुणेने बोलवायची, आणि बाबा, जे पहाटेपासून पावाच्या भट्टीवर असतात आणि घरी येईपर्यंत ज्यांच्या भुवयांत पीठ अडकलेलं असतं, ते माझी बडबड फार झाली की तर्जनी जमिनीकडे करून हळूहळू फिरवायचे. एकदा मी त्यांना त्यावर हात आडवा पसरून, तळवा खाली करून, जोरात हलवून दाखवला. थांब. बाबा म्हणाले, "बापाला थांब देतेस?" आई म्हणाली होती, "देऊ दे. बाकी सगळ्या खुणा एकट्या सिग्नलवाल्याने द्यायच्या, दुसऱ्या कुणाच्या मी बघतही नाही. थांब मात्र कुणीही द्यावं. झाडूवाल्याने दिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने दिलं, तरी मी थांबते. आधी थांबायचं, मग विचारायचं का." वॉकीटॉकीचाही असाच एक नियम आहे. त्यावर फक्त मालाबद्दल बोलायचं, म्हणजे उचलायच्या वस्तूबद्दल. गप्पा नाहीत, नमस्कार-चमत्कार नाहीत, कारण बोलायचं बटण एकाने दाबून धरलं की बाकीच्यांना फक्त ऐकता येतं, मध्ये बोलून त्याला थांबवताही येत नाही. आई इतकी वर्षं वर बसली, पण मालाशिवाय एक शब्द तिने त्यात कधी टाकला नव्हता. आणि त्या दुपारी डब्याने ते बटण दाबून धरलं आणि सगळ्या साइटने, लोखंड बांधणाऱ्यांनी, काच बसवणाऱ्यांनी, कँटीनच्या मावशींनी, सगळ्यांनी जेवता जेवता ऐकलं की वरच्या ताईंना रक्त जातं, त्यांना दुसरं मूल नको आहे, आणि त्या घास नीट चावून खातात.

घरी येताना मला लाज वाटायला हवी होती. मी वाट पाहिली तिची. गेल्या वर्षीची मी असते तर ती आलीच असती, गालांवर, कानांवर, मानेच्या मागच्या केसांत. तेव्हा मी वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे, कारण उघडलं की सगळे कानांवर हात ठेवायचे आणि भोंगा भोंगा करायचे. ह्या वर्षी काय झालं कोण जाणे. उन्हाळ्यात मी उंच झाले, बाईंनी मला प्रार्थनेच्या वेळी सूचना सांगायला उभं केलं, माइक बिघडला होता आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांनी मान डोलावली, ऐकू येतंय. त्या दिवसापासून माझ्या छातीत एक खिडकी उघडी राहिली आहे. पण तरीही स्वतःचा आवाज स्वतःपासून सुटून परक्या माणसाच्या पट्ट्यावर बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला होता, आणि रस्ताभर मी तो पुन्हा पुन्हा ऐकत होते. खरखरीतून आलेला, जरा जाड, कुठेही न अडखळणारा. कुणी अनोळखी बाई बोलत असती तर मी वळून पाहिलं असतं, ही कोण म्हणून. आणि मग एकदम आईची आठवण झाली, वर एकटी, अर्धा दिवस बाकी, खाली सगळं गाव तिच्या पोटातली गोष्ट चघळतंय आणि तिला खाली उतरायची एकच शिडी. मागच्या वर्षी ती त्याच शिडीवरून जॅकेट बांधून उतरली होती, मधल्या फळीवर तिला भोवळ आली होती आणि काकांनी वर चढून तिला पट्ट्याने स्वतःला बांधून खाली आणलं होतं. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ह्या गोळ्या न चुकता घ्या, नाहीतर क्रेन सोडा, जमिनीवरचं काम बघा. आईने गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा वर गेली. जमिनीवरचं काम म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मधले ते आठवडे ती गोदामात बसून पोती मोजायची आणि घरी आल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून आपल्या क्रेनवर दुसरं कोण आहे, हात कसा झटका देत फिरवतंय, ते बघत बसायची. "असा फिरवतात का," म्हणायची, "लेकरू झोपलंय समजून फिरवायचं असतं." नवा विमा ह्या महिन्यापासून तात्पुरता सुरू झाला होता, त्याचा करार मात्र शनिवारी युनियनपुढे वाचून मताला टाकणार होते. तो तसाच मंजूर झाला तर ती गोळी आमच्या आवाक्याबाहेरची होती, हे दुकानदारांनी मला आकडा न सांगता, नुसत्या भुवयांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी आई आली, बूट काढले, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने हात धुतले. बाबा म्हणाले, "काय म्हणे, आज जेवताना भाषण दिलंस?" "कुणी सांगितलं?" "साइटचा पाव कोण पोचवतं?" आई खुर्चीत बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू तिच्या खांद्यांतून सुटलं, आणि मग त्याचं रडू व्हायला लागलं, मग पुन्हा हसू. "मी खाली आले तर सगळे एकदम कामात. एरवी चहाला बोलावून बोलावून थकतात, आज कुणाच्या हातात हातोडी, कुणाच्या हातात झाडू. तुमचे सिग्नलवाले काका तर खूण देतायत पाठ करून." बाबांनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. म्हणाले, "डॉक्टरबाईंकडून चिठ्ठी आण. रक्त जातं म्हणून गोळी, आजार म्हणून. चिठ्ठी असली की देतात, आमच्या भट्टीवाल्याच्या बायकोला दिली." "आणि मूल नको म्हणून घेते ते?" "ते कशाला सांगतेस त्यांना?" "सांगून झालंय," आई म्हणाली, "अख्ख्या साइटला." बाबांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे आणखी सरकवला. मग त्यांनी हळूच मला विचारलं, "घास चावल्याचं खरंच ऐकू आलं?" मी म्हटलं, स्पष्ट. पण दुसऱ्या दिवशी आई चिठ्ठी घेऊन आली. मी तिला ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवताना पाहिलं, चेन लावताना पाहिलं, आणि मला कुठेतरी हलकं वाटलं, आणि कुठेतरी, त्याच्या अगदी शेजारीच, काहीतरी खचल्यासारखं वाटलं. ती वर राहणार होती. मला तेच हवं होतं. मग आवडत का नव्हतं मला ते? आंघोळ करताना, दप्तर भरताना मी स्वतःशी भांडत राहिले. आई तू बोललीस तेव्हा केवढी मोठी वाटत होतीस, आणि आता एका कागदाएवढी घडी करून खिशात. मग माझी मलाच चीड यायची, शिडीवर भोवळ तुला येते का तिला, म्हणून.

करार वाचायच्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात, कारण विमा सगळ्या घराचा असतो. कँटीनची टेबलं भिंतीला लावली होती, बाकांवर माणसं दाटीने बसली होती, सगळीकडे सिमेंटचा आणि ओल्या जॅकेटचा वास. पुढे युनियनचे अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी विमा कंपनीचा माणूस, इस्त्रीचा, पाण्याची बाटली बरोबर समोर ठेवून. आम्ही आत शिरलो तेव्हा बोलणं थांबलं आणि लगेच दुप्पट जोराने सुरू झालं. सिग्नलवाले काका पुढच्याच बाकावर होते, त्यांनी आपल्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. विमावाला वाचत गेला: हाडं, दात, डोळे, बाळंतपण, गुडघे. कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर आई उभी राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "ताई, बटण दाबून बोला," आणि हशा पिकला. मला वाटलं ती बसेल. ती हसणं संपेपर्यंत थांबली, माल डोलायचा थांबेपर्यंत जशी थांबते तशी. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच आहे," ती म्हणाली, "म्हणजे माझं अर्धं काम झालं. आता ह्यांना विचारते. बाळंतपण बसतं म्हणालात?" "पूर्ण बसतं," विमावाला म्हणाला. "मग बाळंतपण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी?" "ती नाही. तो ज्याचा त्याचा खासगी निर्णय झाला." "म्हणजे ब्रेकचा खर्च देणार नाही, क्रेन कोसळली की सगळा देणार." लोक हसले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कोसळलेली नाहीस हं, तुला मी हळू उतरवलंय," आणि पुन्हा हसले, आणि माझी मान आपोआप ताठ झाली.

मग वेल्डिंगचे आजोबा उठले. ते वाईट माणूस नाहीत, मला लहानपणी त्यांनी लोखंडाच्या तुकड्यांची चिमणी करून दिली होती. "ताई, राग मानू नका," ते म्हणाले, "माझ्या मनाला हे पटत नाही. माझ्या घरात कुणी असलं काही घेतलेलं नाही. आणि माझ्या पगारातून कापून दुसऱ्याच्या गोळ्या का?" आई म्हणाली, "आजोबा, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? ते माझ्याही पगारातून झालं. मी म्हटलं का, माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी का देऊ?" आजोबांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तो आजार होता," ते म्हणाले. "हो. आणि तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही गोळ्या घेऊ नका, तुम्हाला कुणी जबरदस्ती केलीय?" कँटीनच्या मावशींनी पदर तोंडाला लावला. आजोबा बसले, पटलं नव्हतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात विमावाल्याने घसा साफ केला आणि मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला त्रास आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर आजारावरचं औषध म्हणून तुमच्या गोळ्या आजच मंजूर करतो. बाकीच्यांचा विषय इथे नकोच." बाबांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मला त्या चेनचा आवाज ऐकू आला, एकेक दात उघडत जाणारा, कुणालाच ऐकू आला नसेल इतका बारीक. आईचा हात खिशात गेला. भिंतीजवळ मावशी उभ्या होत्या, रंगकाम करणारी ती नवी लग्न झालेली पोरगी उभी होती, दोघीही आईच्या हाताकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. हात बाहेर आला. त्यात तिचा कामाचा हातमोजा होता. तिने पुढे जाऊन तो विमावाल्याच्या टेबलावर ठेवला, त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आजार म्हणून नको. मी गोळी दोन्हींसाठी घेते, आणि ह्या भिंतीशी उभ्या असलेल्या बायका कुठल्या तरी एकाच कारणासाठी घेत असतील, कुठल्या ते मी विचारणार नाही. सगळ्यांसाठी लिहा. नाहीतर मला एकटीला नको." विमावाला म्हणाला, "म्हणजे तुम्हाला क्रेन सोडावी लागली तरी?" त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. आई म्हणाली, "तरी," आणि तो शब्द बोलताना तिने खिडकीकडे पाहिलं, जिथून क्रेनचा खांब दिसत होता.

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. आमच्याकडे मतं हात वर करून देत नाहीत, यंत्रांच्या आवाजात जुनी माणसं खुणांनी मत द्यायची ती पद्धत अजून आहे. "करार आहे तसा मान्य असेल त्यांनी उचल द्या," अध्यक्ष म्हणाले. मागच्या बाकावर एक तर्जनी वर गेली आणि फिरायला लागली. मग आजोबांची. मग इकडे एक, तिकडे दोन, खाली मान घालून दिलेल्या, कारण नव्या विम्यात दात बसत होते आणि बऱ्याच जणांचे दात दुखत होते, आणि ते काही खोटं दुखणं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं, ते आईकडे बघत होते. मी आईकडे पाहिलं, ती हातमोज्याकडे. मी त्या साइटवर कामाला नाही. मला मत नाही. हे सगळं माझ्या मनात स्पष्ट होतं, आणि तरी मी उभी राहिले होते, आणि माझा उजवा हात माझ्या खांद्याच्या रेषेत आडवा पसरला होता, तळवा खाली, आणि जोरजोरात हलत होता. बाबा कुजबुजले, "अगं, खाली बस." मी बसले नाही. मला वाटलं माझा हात एवढा लांब झालाय की तो त्या टोकाच्या खिडकीतून बाहेर गेलाय. कुणीतरी म्हणालं, "ही पोर कोण मत देणारी?" आणि मी तोंड उघडलं आणि भोंगा वाजला, "मत नाही देत. थांब देतेय. थांब कुणीही द्यावं."

आता सगळे हसणार, असं वाटलं. पण पुढच्या बाकावर सिग्नलवाले काका उठले. त्या दुपारनंतर त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे सरळ पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, अगदी नीट, माल टांगलेला असताना बघतात तसं, आणि आपला हात आडवा केला, तळवा खाली. "थांब आलंय," ते सगळ्यांना म्हणाले, "म्हणजे आधी थांबायचं. का ते मग विचारू. ही बाई इतकी वर्षं आपल्या डोक्यावरून टनांनी लोखंड नेतेय, तिने कुणाचं थांब कधी मोडलं का?" मागची तर्जनी फिरायची थांबली. मावशींनी हात आडवा केला, त्यांना खूण नीट येत नव्हती, कणीक झटकल्यासारखा हलवला. रंगकामवाल्या पोरीने केला. मग माणसांनी, एकेकाने, दाटीमुळे शेजाऱ्याच्या तोंडासमोरून, "अरे डोळा फोडशील," "तू मान काढ की तिकडे," असं करत करत ती सगळी खोली आडव्या हातांनी भरली आणि कुणाला हलायला जागा उरली नाही. आजोबांनी बोट खाली घेतलं. हात आडवा केला नाही, पण बोट खाली घेतलं, आणि त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी फार आदर वाटला. आई उभीच होती. तिने कुठलीच खूण केली नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. घरी जाताना म्हणाली, "कोपर जरा वाकलं होतं तुझं. सरळ ठेवायचं." बस, एवढंच म्हणाली, आणि माझा तोच हात धरून घरापर्यंत चालली, मी लहान असल्यासारखी, आणि मी तो सोडवला नाही, रस्त्यात माझ्या वर्गातल्या मुली दिसल्या तरी.

करार सही न होता परत गेला. मधल्या काळात गोळ्या आम्ही आमच्याच घेतल्या, बाबांनी भट्टीवर जास्तीची पाळी धरली आणि भुवयांतलं पीठ जायचं नावच घेईना. एकदा वाटलं आता नाही जमत, आणि आई दोन दिवस गोदामात जागा आहे का ते विचारून आली. मग करार परत आला. त्यात दात होते, गुडघे होते, आणि एक नवी ओळ होती, गर्भनिरोधक औषधं, कारण न विचारता. अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यानंतरच्या पहिल्या गोळ्या आणायला आईने मलाच पाठवलं. तेच दुकान, तीच ट्यूबलाइट, दुकानदारांनी माझ्याकडे न बघता कार्ड घेतलं, यंत्रात घातलं, आणि पाकीट पुढे सरकवलं, इतकं साधं की मला चुकल्याचुकल्यासारखंच झालं. माझी उत्तरं तयार होती आणि कुणी काही विचारलंच नाही. मागे वळले तर काका रांगेत, मलम संपलं होतं म्हणे. त्यांच्या पट्ट्यावर लाल दिवा लागला आणि आईचा आवाज आला, "वरून सूचना. डबा मांडीवर आहे. निर्धास्त जेवा." ती आता रोज दुपारी असं सांगते आणि खालून कुणी ना कुणी उत्तर देतं, कळलं, ताई, नीट चावून खा. काकांनी वॉकीटॉकी पट्ट्यावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. "फक्त मालाबद्दल," ते म्हणाले. मी बटण दाबलं. "खालून वर," मी म्हटलं, "माल ताब्यात आला." बटण सोडलं. खरखर. मग आई, जरा थांबून, "सगळ्यांनी ऐकलं का?" "सगळ्यांनी," मी म्हणाले, आणि बटण लगेच सोडलं नाही, जरा वेळ तसंच दाबून धरलं.